मुंबईचं वस्तुसंग्रहालय दोन दिवसांत नीट पाहायचंय. खानापूर-बेळगावकडून बेत कसा आखावा?

खानापूर_वाट

नमस्कार मंडळी. डिसेंबरात मुंबईला जाऊन छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय पाहायचा बेत आहे. माणसं पाच. आम्ही दोघं, आई (वय 71, गुडघे दुखतात, जिना दिवसातून एकदाच चढेल), मुलगी नववीत आणि मुलगा सात वर्षांचा. मुलगी हायर ग्रेड ड्रॉइंगच्या परीक्षेला बसणार आहे, हा सगळा घाट तिच्यासाठीच. हातात पूर्ण दोन दिवस आहेत.

वार कुठला धरावा? खानापूरहून गाडी कुठली सोयीची? एका दमात किती तास पाहावं? कुठली दालनं सोडू नयेत? आत चित्र काढू देतात काय? आणि शेवटचं म्हणजे घरात कुणीतरी "एवढं लांब कशाला, बेंगळुरूला जावा" असं काढलंय. त्यावरही बोला.

रेल्वेवेडा_घटप्रभा

आधी गाडीचं. हुबळीहून दादरला जाणारी रात्रीची गाडी लोंढा, खानापूर, बेळगाव, घटप्रभा, रायबाग, कुडची, मिरज अशी जाते. तुमच्या गावी थांबा आहे का ते तिकीट काढतानाच बघा, नसेल तर बेळगावहून चढा. निपाणी-संकेश्वरकडच्यांना कोल्हापूरहून महालक्ष्मी बरी पडते. ती रात्री सुटते आणि सकाळी थेट सीएसएमटीला लागते, म्हणजे संग्रहालय तिथून दोन किलोमीटरच्या आत.

आरक्षण आता प्रवासाच्या 60 दिवस आधी उघडतं, पूर्वीचे 120 दिवस डोक्यात ठेवू नका. डिसेंबरात शाळांच्या सहली आणि नाताळची गर्दी असते, म्हणून उघडल्या दिवशीच काढा. आईंसाठी खालचा बर्थ हवा तर अर्जात त्यांचं वय बरोबर भरा. ज्येष्ठांचा खालच्या बर्थचा कोटा असतो, खरं तो एका तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असतील तर नीट लागतो. पाच जणांचं एकच तिकीट काढलंत तर तो हातचा जातो. आई आणि तुमच्यापैकी एक जण असं दोघांचं तिकीट वेगळं काढा.

टिळकवाडी_सायकल

वार मंगळवार ते शुक्रवारमधला धरा. संग्रहालय सोमवारीही उघडं असतं, तरी सोमवार नको. रस्त्यापलीकडं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे, ते सोमवारी बंद. शनिवार-रविवारी मुंबईची अर्धी पोरं तिथंच असतात.

संग्रहालय सकाळी सव्वादहाला उघडतं आणि सहाला बंद होतं. दार उघडतानाच रांगेत असा. पहिला दीड तास दालनं मोकळी असतात, सहलीच्या बसगाड्या साडेअकराच्या पुढं लागायला सुरुवात होते. तिकिटाचे दर बदलत असतात, जायच्या आदल्या आठवड्यात त्यांच्या संकेतस्थळावर बघून घ्या.

मलप्रभाकाठ

बेंगळुरूवाल्यांची बाजू मी मांडतो. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं रात्री निघा, सकाळी बेंगळुरूत. पॅलेस रोडवर माणिक्यवेलू मॅन्शनमध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची शाखा 2009 पासून आहे. जुनी झाडं, मोठं आवार, गर्दी कमी. कस्तुरबा रोडला वेंकटप्पा आर्ट गॅलरी, कुमारकृपा रोडला चित्रकला परिषद. चित्रकला शिकणाऱ्या पोरीला आधुनिक चित्रं दाखवायची असतील तर हे मुंबईपेक्षा शांतपणे होतं. सोमवारी तिथलीही शाखा बंद, तेवढं लक्षात ठेवा.

ड्रॉइंगमास्तर

मलप्रभाकाठ, आधुनिक चित्रांपुरतं तुमचं बरोबर. पण नववीतल्या पोरीला आधी शिल्प आणि लघुचित्र दाखवा. हायर ग्रेडला वस्तुचित्रण, स्थिरचित्र, नक्षीकाम करावं लागतं. त्यासाठी घनता कशी दिसते आणि रेषा कशी वळते हे डोळ्याला कळायला हवं, आणि ते शिल्पासमोर उभं राहून कळतं. छापील पुस्तकात शिल्पाचा फोटो एकाच उजेडातला असतो. दालनात दोन पावलं डावीकडं सरकलं की सावली सरकते, गालाचा उठाव बदलतो. हे तिला पाच मिनिटांत समजेल, वर्गात वर्षभर सांगून समजत नाही.

आणि मुंबईच्या या संग्रहालयात आपल्याच भागातलं किती आहे ते बघा. ऐहोळेच्या हुच्चप्पय्या गुडीच्या छतावरचे शिल्पपट तिथं तळमजल्याच्या शिल्पदालनात आहेत. गुडी म्हणजे देऊळ, हे आपल्याकडं कुणाला सांगायला नको. बदामीच्या चालुक्यांच्या काळातलं हे काम. ब्रह्मदेवाचा पट आधी गाठा. मधोमध ब्रह्मदेव, जवळ हंस, भोवती ऋषी. शेषावर पहुडलेला विष्णू दुसऱ्या पटात आहे.

हिंडलगा_अण्णा

मास्तर, एक शंका. ऐहोळेचं शिल्प बघायला मुंबईला कशाला जायचं? सकाळी बेळगावहून निघालं की ऐहोळे, पट्टदकल, बदामी दोन दिवसांत होतं. दगड जागेवर बघण्यात जी मजा आहे ती काचेआड, भिंतीवर कुठली?

ड्रॉइंगमास्तर

अण्णा, जागेवर जायलाच हवं, त्यात वाद नाही. पण हे पट छताचे आहेत. देवळात ते डोक्यावर असतात. मान मागं टाकून, अंधारात, मिनिटभर बघितलं की मान अवघडते. संग्रहालयात तेच पट डोळ्यांसमोर उभे लावलेत. ऋषींचे चेहरे, दाढ्यांची वळणं, बोटांत धरलेली माळ हे सगळं हातभर अंतरावरून दिसतं.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी मुंबईत पट जवळून बघा, मग ऐहोळेला जाऊन छताकडं बघा. तिथं उरलेली शिल्पं किती खोल कोरलीत ते मग कळतं. खालून बघणाऱ्याला आकार ठळक दिसावा म्हणून छताच्या शिल्पात उठाव जास्त ठेवतात, कडा खोल कापतात. डोळ्यांसमोर आणल्यावर तेच काम जरा जाड वाटतं. तो दोष नव्हे, ते खालून दिसण्यासाठीच केलंय.

वडगाव_मावशी

ऐहोळेचं शिल्प मुंबईत गेलं कसं, हे पोरांना नक्की सांगा. 1956 पर्यंत बेळगाव, धारवाड, विजापूर, कारवार हे जिल्हे मुंबई राज्यातच होते, त्याआधी मुंबई इलाख्यात. ऐहोळे तेव्हा विजापूर जिल्ह्यात. इलाख्यातलं जे जमवलं ते राजधानीत गेलं. सिंधमधल्या मीरपूरखासच्या स्तूपातली भाजक्या मातीची शिल्पंही त्याच वाटेनं आली, कारण सिंधही तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. ती मातीची शिल्पं चुकवू नका. बुद्धाच्या अंगावरच्या वस्त्राच्या चुण्या मातीत किती बारीक ओढल्यात ते बघण्यासारखं आहे.

गोकाक_धबधबा

आत शिरताच वर बघा, एवढंच सांगायला आलो. मधल्या दिवाणखान्यात उभं राहून घुमटाच्या आतल्या बाजूला नजर टाका. एकमेकींना छेदणाऱ्या कमानी दिसतील. ती रचना विजापूरच्या गोल घुमटावरून घेतलेली आहे. गोल घुमटात चौकोनी खोलीवर गोल घुमट बसवायचा प्रश्न याच छेदणाऱ्या कमानींनी सोडवलाय. चौकोनाचा आधी अष्टकोन होतो, अष्टकोनावर वर्तुळ बसतं. घुमटाचा आतला रेटा कमानींवर विभागला जातो, त्यामुळं मधे एकही खांब लागत नाही. विजापूर बघितलेल्या पोराला हे लगेच ओळखू येईल.

इमारत जॉर्ज विटेट या वास्तुरचनाकाराची. पायाभरणी 1905 ला, बांधकाम 1914 ला पुरं झालं, पण महायुद्धात तिथं लष्करी रुग्णालय होतं, म्हणून संग्रहालय म्हणून दारं 1922 ला उघडली. बाहेरचा दगड कुर्ल्याचा काळसर आणि मालाडचा पिवळसर. सकाळच्या उन्हात दोन्ही वेगळे ओळखता येतात.

खानापूर_वाट

एवढं सगळं! मास्तर, मावशी, आभार. मला वाटलं होतं फक्त गाडी आणि तिकीट कळेल.

आता अडचण अशी की गाडी पहाटे दादरला लागते आणि संग्रहालय सव्वादहाला उघडतं. मधले चार-पाच तास आई आणि लहान मुलाला घेऊन काय करायचं? सामानाचं काय?

रेल्वेवेडा_घटप्रभा

सामानाला आधी कुलूप लावा. रेल्वेच्या क्लोकरूममध्ये कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत, आणि प्रवासाचं तिकीट दाखवावं लागतं. मोबाईलवरचं तिकीट चालतं, बॅटरी मात्र जपा. पिशव्यांवर पिशव्या बांधून नेलं की तिथंच अडतं, म्हणून दोन चेनच्या बॅगा आणि एक पाठीवरची, एवढंच न्या.

राहायची खोली फोर्ट, सीएसएमटी किंवा कुलाबा भागात असेल तर फोन करून विचारा की सकाळी सामान ठेवून घेतील काय. बहुतेक ठिकाणी खोली दुपारी बारानंतर मिळते, पण सामान आधी ठेवू देतात. मग हात मोकळे.

दादरहून पुढं तीन वाटा. टॅक्सी, लोकल, मेट्रो. भुयारी मेट्रो 3 आता दादरहून थेट हुतात्मा चौकापर्यंत जाते. पण तिचं दादर स्टेशन पश्चिमेला आहे आणि तुमची गाडी मध्य रेल्वेच्या फलाटावर लागते. म्हणजे पूल, जिने, सामान. आई बरोबर असताना पहिल्या दिवशी सरळ मीटरची टॅक्सी करा. मेट्रो दुसऱ्या दिवसाला ठेवा, पोरांना हौस.

शहापूर_हातमाग

सकाळचे तास गेटवेवर घालवा. पहाटे तिथं समुद्रावर हवा छान असते आणि माणूस कमी. गेटवेसुद्धा विटेटचंच, 1924 ला खुलं झालेलं. संग्रहालयापासून चालत आठ-दहा मिनिटांवर. आधुनिक कला संग्रहालय ज्या इमारतीत आहे तो कावसजी जहांगीर हॉलही त्याच काळातला, 1911 चा. एका माणसाचा हात एवढ्याशा परिघात तीनदा दिसतो.

येळ्ळूर_गड

हुतात्मा चौकातून संग्रहालयाकडं दहा-बारा मिनिटं चालावं लागतं. सीमाभागातल्या माणसानं तिथं दोन मिनिटं थांबून पुढं जावं. पोरांना स्मारक दाखवा, 17 जानेवारीला, हुतात्मा दिनी, आपल्याकडं कशाला जमतात हे त्यांना माहीतच आहे.

बेळगुंदी_रानफूल

एलिफंटा जोडता येईल काय त्याच दिवशी? गेटवेहूनच बोट सुटते.

टिळकवाडी_सायकल

नका जोडू. बोटीला एकेका बाजूला तासभर, वर साधारण 120 पायऱ्या. आईंचे गुडघे तिथंच संपतील आणि दुपारी संग्रहालयात कुणाचंच लक्ष लागणार नाही. सोमवारी लेणी बंद असतात, तोही घोळ होतो. एलिफंटा वेगळ्या खेपेला.

चिक्कोडी_अक्का

आता पायांचं बोलते, कारण बेत तिथंच फसतो. संग्रहालयात माणूस हळू चालतो, थांबतो, परत चालतो. भरभर चालण्यापेक्षा हे उभं राहणं जास्त दमवतं. पोटऱ्यांतलं रक्त वर चढवायला स्नायू हलावे लागतात, नुसतं उभं राहून ते हलत नाहीत. वर खाली दगडी फरशी. म्हणून नवीन चप्पल-बूट त्या दिवशी काढू नका. दर चाळीस मिनिटांनी दहा मिनिटं बसा. जागा दिसली की बसा, दमल्यावर शोधू नका.

आईंसाठी चाकाची खुर्ची दाराशीच मागून घ्या, संग्रहालयात मिळते आणि लिफ्टही आहे. "मी काय आजारी हाय काय" असं म्हणतील. तरी घ्या. चालताना तीच खुर्ची ढकलत न्यायची, दमल्या की बसायचं. खुर्ची असली म्हणजे त्या तासभराऐवजी तीन तास आनंदानं बघतील.

एका दमात अडीच तास, त्याहून जास्त नको. मग बाहेर जेवण, तासभर विश्रांती, परत दोन तास. परत आत सोडतात काय ते तिकीट घेताना खिडकीवर विचारून ठेवा.

मलप्रभाकाठ

अक्का, अडीच तासांत काय होणार? तिथं पन्नासेक हजार वस्तू आहेत म्हणतात. एवढ्या लांब जाऊन निम्मं सोडून यायचं?

चिक्कोडी_अक्का

निम्मं कशाला, नव्वद टक्के सोडा! सगळं कुणी बघत नाही. संग्रहातलं सगळं मांडलेलंही नसतं. एका वस्तूला अर्धा मिनिट दिला तर संध्याकाळी एकही आठवत नाही. तीस वस्तू निवडा, प्रत्येकीला चार-पाच मिनिटं द्या. घरी येऊन पोरगी तीसही सांगेल.

ड्रॉइंगमास्तर

अक्कांना पूर्ण अनुमोदन. तीस कुठल्या ते मुलीला ठरवू दे, आधी घरी बसून. मी फक्त गट सांगतो.

तळमजला: ऐहोळेचे पट, मीरपूरखासची माती, गांधार शैलीतले चेहरे, आणि असीरियाचे कोरीव दगड. हे असीरियाचे दगड आजच्या इराकमधल्या निमरूदच्या राजवाड्यातले, इ.स.पू. नवव्या शतकातले. खिळ्यांच्या टोकांसारखी अक्षरं थेट कोरलेल्या आकृतीवरून ओढलेली दिसतील. दंडाचे स्नायू कसे दोरीसारखे दाखवलेत ते ऐहोळेच्या मऊ दंडाशी ताडून बघायला सांगा. हे दोन शेजारी ठेवून बघितले की शैली म्हणजे काय ते वेगळं शिकवायला लागत नाही.

पहिला मजला: लघुचित्रं. इथं घाई नको. कागदावरचे रंग उजेडानं उडतात म्हणून दालनात उजेड फार मंद ठेवतात, साधारण 50 लक्स. बाहेरच्या उन्हातून थेट आत गेलं की चित्रं काळपट दिसतात. दाराशी तीन-चार मिनिटं थांबा, डोळा सरावू द्या.

मग एकाच चित्रासमोर थांबा. काचेपासून वीतभर अंतर ठेवून दागिने बघा. मोती पांढऱ्या रंगाचा जाड ठिपका ठेवून उठावदार केलेले असतात. सोनं लावून झालं की सुईच्या टोकानं बारीक टोचतात, त्यामुळं बाजूनं बघताना ते लकाकतं. समोरून उभं राहून ते दिसत नाही, डोकं डावी-उजवीकडं हळू हलवा. केस, पापण्या खारीच्या शेपटीच्या केसांच्या कुंचल्यानं ओढलेल्या. कागद थर चिकटवून जाड केलेला आणि अकीक दगडानं घोटून गुळगुळीत केलेला, म्हणून रेष फाटत नाही. निळा लाजवर्द दगडाचा, तांबडा हिंगुळ खनिजाचा. वॉटर कलरची नळी पिळणाऱ्या मुलीला हे कळलं तर ती रंगाकडं वेगळ्या नजरेनं बघेल.

दख्खनी चित्रं लावलेली असतील तर तिथं जास्त वेळ. विजापुरात दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळात (1580 ते 1627) ही कला फार बहरली. मात्र कागदावरची चित्रं आलटूनपालटून मांडतात, आज लावलेलं डिसेंबरात असेलच असं नाही. एका ठरावीक चित्रावर बेत बेतू नका.

बेळगुंदी_रानफूल

काचेवर आपलंच तोंड दिसतं त्याचं काय करायचं? चित्र सोडून शर्टच दिसतो.

टिळकवाडी_सायकल

गडद, साधा कपडा घाला. मंद दालनात पांढरा शर्ट काचेत आरशासारखा उमटतो, गडद निळा किंवा काळा उमटत नाही. फोटोला पण हेच. फ्लॅश बंद, ट्रायपॉड-सेल्फी काठी आत नेऊ देत नाहीत. फोटोसाठी वेगळं तिकीट लागतं काय ते खिडकीवरच विचारा, आत गेल्यावर परत यावं लागतं. वस्तूचा फोटो काढला की लगेच तिच्या पाटीचा काढा. नाहीतर घरी आल्यावर कुठला बुद्ध कुठला ते कळत नाही.

निपाणी_पेठ

सात वर्षांच्या पोराला घेऊन शिल्पदालनात दोन तास? त्याला काका-मामाकडं ठेवून जावा. त्याचेही हाल, इतरांचेही.

वडगाव_मावशी

अजिबात नको ठेवू. त्याला काम द्या. छोट्या वहीत चार रकाने आखा: हंस, नंदी, गरुड, मकर. प्रत्येक दालनात सापडला की रेघ मारायची. वाहनावरून देव ओळखायचा. हंस दिसला की ब्रह्मदेव किंवा सरस्वती, नंदी दिसला की शंकर, मकरावर गंगा. पोरगं मोठ्यांना ओढून नेईल.

वर तिथं प्राणी-पक्ष्यांचं दालन आहे आणि आवारातच 2019 पासून मुलांचं वेगळं संग्रहालय आहे. दीड तासानं एकानं त्याला तिथं न्यावं. तोवर मुलगी शांतपणे चित्र काढेल.

निपाणी_पेठ

वहीचं पटलं, मावशी. माझं म्हणणं मागं घेतो. मग खायचं काय न्यायचं? पोर आहे म्हणजे भूक आहे.

चिक्कोडी_अक्का

चपाती, शेंगाची चटणी, दोन केळी, पाण्याच्या बाटल्या. कुंदा परत येताना नव्हे, जाताना न्या, मुंबईचे पाहुणे वाट बघत असतात. खरं दालनात एक तुकडासुद्धा काढायचा नाही. खाण्याचा चुरा पडला की मुंग्या, झुरळं येतात, त्यांच्यामागं कागद आणि कापड खाणारे किडे. म्हणून पहारेकरी टोकतात, रागावून बोलतात असं समजू नका. बाहेर आवारात उपाहारगृह आहे, तिथं बसा.

मोठ्या बॅगा दाराशी ठेवून घेतात. पैसे, फोन, औषधं, वही आणि पेन्सिली छोट्या पिशवीत वेगळ्या काढून ठेवा, तिथं रांगेत उभं राहून उचकायला लागू नये.

शहापूर_हातमाग

कापडं मांडलेली असतील तिथं थांबा. पैठणी दिसली तर पदराची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी असते, कारण रंगीत धागे एकमेकांत गुंतवून विणतात, मागं लोंबते धागे राहत नाहीत. इलकल साडीची गोष्ट वेगळी. तिथं अंगाचा ताणा (उभे धागे) आणि पदराचा ताणा वेगळा असतो, दोन्ही फासे मारून जोडतात, त्याला कोंडी म्हणतात. आपल्याकडच्या बायका रोज नेसतात, पण जोड कुठं आहे हे बघितलेलं नसतं. घरातली एखादी जुनी इलकल आधी उलटी करून पोरीला दाखवून न्या.

हिंडलगा_अण्णा

विषय निघालाच आहे तर: हातात दिवा धरून उभ्या बाईचं ते प्रसिद्ध चित्र मुंबईतच आहे ना? रविवर्म्याचं?

ड्रॉइंगमास्तर

दोन्ही नाही, अण्णा. ते म्हैसूरला जगनमोहन राजवाड्यात आहे आणि ते सावंतवाडीचे सा. ल. हळदणकर यांचं, म्हणजे आंबोलीचा घाट उतरला की त्यांचं गाव. लोकांनी ते रविवर्म्याच्या नावावर खपवलंय, कारण त्याच राजवाड्यात रविवर्म्याची चित्रं आहेत. आणि ते तैलचित्र नव्हे, जलरंगातलं आहे. बोटांच्या फटीतून येणारा लालसर उजेड कागदाचा पांढरा राखून, वर पातळ थर देऊन आणलाय. जलरंगात पांढरा मागाहून लावून तो उजेड येत नाही. मुलगी जलरंगात काम करत असेल तर पुढल्या सुट्टीत म्हैसूर धरा.

खानापूर_वाट

मास्तर, आत चित्र काढू देतात काय ते राहिलं.

ड्रॉइंगमास्तर

साधारणपणे पेन्सिल चालते, रंग-शाई-कोळसा चालत नाही. शिंतोडा उडाला, पूड उडाली तर वस्तू खराब होते. तरी आत शिरताना विचारून घ्या, आणि मोठा बोर्ड, घडीची खुर्ची नेऊ नका. वाट अडते.

वही हाताच्या पंजाएवढी किंवा थोडी मोठी, जाड पुठ्ठ्याची. पेन्सिली 2 बी आणि 4 बी. खोडरबर घरी ठेवा. दर शिल्पाला तीन चित्रं: पहिलं दोन मिनिटांत फक्त बाह्यरेषा, दुसरं पाच मिनिटांत सावलीचे मोठे भाग, तिसरं एकाच तपशिलाचं, म्हणजे हात किंवा मुकुट. पूर्ण शिल्प रंगवून काढायला बसली की तासभर एकाच ठिकाणी जाईल आणि प्रमाण चुकलेलं शेवटी कळेल.

शिल्पाच्या उंचीत डोकं किती वेळा बसतं ते आधी मोजायला सांगा. हात लांब धरून पेन्सिलीवर अंगठ्यानं डोक्याची उंची घ्यायची आणि खाली मोजत यायचं. कोपर वाकलं की माप बदलतं, नेमकी तिथंच मुलं चुकतात.

टिळकवाडी_सायकल

जहांगीर आर्ट गॅलरी कुणी बोललंच नाही. संग्रहालयाला लागूनच आहे, 1952 ची, प्रवेश फुकट. प्रदर्शनं साधारण मंगळवार ते सोमवार अशी आठवड्याची असतात. मंगळवारी सकाळी गेलात तर काही भिंतींवर चित्रं अजून टांगत असतात. बुधवार-गुरुवार बरा. बहुतेक वेळा चित्रकार स्वतः खुर्ची टाकून बसलेले असतात, मुलीला म्हणावं सरळ विचार, कागद कुठला, रंग कुठला. आनंदानं सांगतात. ही गॅलरी उभी राहावी म्हणून आग्रह धरणाऱ्यांत के. के. हेब्बर होते, उडुपीकडचे.

समोरच्या आधुनिक कला संग्रहालयात जिने बरेच, अर्धगोल दालनं एकावर एक चढत जातात. तिथं कायमची मांडणी बघायला मिळेल असं धरू नका, प्रदर्शनं बदलतात. काय चालू आहे ते आधी बघा. आईंना जहांगीरमध्ये बसवून बाकीच्यांनी वर जावं.

मलप्रभाकाठ

मी अजूनही म्हणतो की बेंगळुरू शांत आहे. पण ऐहोळेचे पट आणि गोल घुमटाच्या कमानी वाचून या कारणासाठी मुंबई, हे कबूल. एक भर घालतो. मुंबईआधी एखाद्या रविवारी कोल्हापूरला टाऊन हॉलच्या संग्रहालयात तासभर घालवा. ब्रह्मपुरीच्या उत्खननातल्या वस्तू आहेत, त्यात समुद्रदेव पोसायडनची छोटी ब्राँझची मूर्ती. लहान जागा, दोन-तीन दालनं. मास्तरांचं ते दोन मिनिटांचं, पाच मिनिटांचं चित्र तिथं एकदा करून बघितलं की मुंबईत वेळ वाया जाणार नाही. तेही सोमवारी बंद असतं.

खानापूर_वाट

हे सगळं वहीत उतरवून घेतलं. बेत असा ठरवूलालोय:

मंगळवारी रात्री बेळगावहून गाडी, आई आणि मी एका तिकिटावर, बाकी तिघं दुसऱ्या. बुधवारी पहाटे टॅक्सीनं फोर्ट, सामान खोलीवर, गेटवे. सव्वादहाला संग्रहालय, खुर्ची घेऊन. आधी लघुचित्रं, मग जेवण, दुपारी शिल्पदालनात चित्र काढणं. गुरुवारी सकाळी मेट्रोची हौस, हुतात्मा चौक, जहांगीर, ज्यांना जमेल ते समोरच्या जिन्यांवर. दुपारी परत एकदा संग्रहालयात, मुलीच्या यादीतलं जे राहिलं ते. रात्रीची परतीची गाडी. काही चुकतंय काय?

ड्रॉइंगमास्तर

पहिला दिवस उलटा करा. आधी शिल्पदालन, जेवणानंतर लघुचित्रं. शिल्पासमोर उभं राहून चित्र काढायला ताजे पाय आणि मोकळी जागा लागते, ती सकाळीच मिळते. दुपारी सहलीची पोरं शिल्पदालनातच जास्त असतात. आणि आई सकाळी तळमजल्यावरच राहतील, म्हणजे लिफ्टनं वर जायचं ते एकदाच, जेवून आल्यावर.

रेल्वेवेडा_घटप्रभा

परतीच्या गाडीला गुरुवारी संग्रहालयातून पाचलाच निघा. संध्याकाळी फोर्टहून दादरला टॅक्सी किती वेळ घेईल त्याचा भरवसा नसतो. सामान बरोबर असेल तर लोकलच्या गर्दीत शिरू नका.

चिक्कोडी_अक्का

आणि पेन्सिलीला ब्लेड नेऊ नका, दाराशी तपासणीत काढून घेतील. डबीचा शार्पनर न्या, त्यातच टरफलं राहतात.

खानापूर_वाट

बदल केला. सकाळी शिल्प, दुपारी वरचा मजला. शार्पनर उद्याच गणपत गल्लीतून आणतो. मुलगी आत्ता टेबलावर इलकल उलटी टाकून कोंडी शोधत बसलीय, तिची आजी दाखवूलालीय.